काकूबद्दल मी काय सांगितलं

लंडनच्या कडेला, हॅरोच्या त्या घरात सकाळ सुरू व्हायची ती पाइपाच्या आवाजाने. काका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला असत. घरी आले की ते वरच्या बाथरूममध्ये नळ सोडत, आणि म्हैस हंबरावी तसा लांबलचक आवाज भिंतीतून खालच्या खोलीपर्यंत उतरायचा. खाली, रस्त्याकडच्या फ्रंट रूममध्ये, सोफा भिंतीला सरकवून दोन गाद्या घातलेल्या असायच्या. एक माझी, एक काकूची. काकूची पाठ दुखायची. इथल्या मऊ पलंगावर झोपलं की सकाळी आपल्याला कुणीतरी कुटून काढल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची, आणि म्हणून कुठल्याशा गुजराती दुकानदाराच्या मागे लागून तिने दोन्ही गाद्या कापूस भरून करून घेतल्या होत्या. पाइप हंबरला की डोळे न उघडता ती म्हणायची, "आले आमचे साहेब. ऊठ गं भवाने, चहा टाक." मी पांघरूण बाजूला करेपर्यंत तीच उठून किचनमध्ये गेलेली असायची.

मिरजेहून आले तेव्हा माझी आठवी झाली होती, मराठी माध्यमातून. बाबांची सूतगिरणी बंद पडली होती, पाठची दोन भावंडं होती, आणि काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. मोठ्या माणसांचं आपसात काय बोलणं झालं, काकांनी कागदपत्रांची भानगड कशी निस्तरली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती. विमानतळावर काकूने मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर नुसती काडी आहे. वाऱ्याच्या दिवसांत हिला धरून ठेवायला लागणार." मग अंगातलं कार्डिगन काढून तिने मला घातलं आणि स्वतः साडीचा पदर गुंडाळून बसस्टॉपवर कुडकुडत उभी राहिली. त्या कार्डिगनला फोडणीचा आणि हँडक्रीमचा असा काहीतरी एकत्र वास होता. पहिले काही महिने मी तिला "तुम्ही" म्हणत होते. एकदा तापात "काकू, तू जाऊ नकोस ना" असं तोंडातून निघून गेलं, आणि त्यानंतर परत "तुम्ही" काही जमलं नाही.

मागच्या बेडरूममध्ये कायम कोणी ना कोणी डॉक्टर असायचे. पुण्या-नागपूरकडून परीक्षा द्यायला आलेले, नोकरी लागेपर्यंत राहणारे. एकाला साउथहॅम्प्टनला लागली की दुसरा बॅग घेऊन दारात हजर. सगळे विशीतले, घरच्या आठवणीने हळवे झालेले, आणि सगळ्यांना काकूची आमटी हवी. माझ्या वेळी बराच काळ एक डॉक्टर कुलकर्णी होते. ते ताटावर बसल्या बसल्या म्हणायचे, "काकू, या आमटीचा पेपर ठेवला तर मी पहिला येईन." काकू म्हणायची, "त्यातच तेवढे याल. राहिलेल्या पेपरांचं काय?" सगळे हसायचे. जेवण झालं की ताटं सिंकमध्ये, आणि ताटं घासायची मी. खोटं कशाला सांगू, त्या ताटांचा मला राग यायचा. शिकलेल्या पुरुषांची उष्टी ताटं. मिरजेला आईनेही घासली असती आणि मला काही वाटलं नसतं, इथे वाटायचं.

पण त्यानंतरची वेळ आमची असायची. काका ड्यूटीवर निघून गेलेले, डॉक्टर वर पुस्तकं उघडून बसलेले, आणि काकू व मी किचनच्या फरशीवर, गरम बॉयलरच्या कपाटाला पाठ टेकून जेवायला बसलेल्या. टेबल होतं, खुर्च्या होत्या, पण तिला मांडी घातल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. पुरुषमंडळींसाठी तिने पोळ्या आधीच करून डब्यात ठेवलेल्या असायच्या. आमच्या दोन मात्र ती ऐन वेळी भाजायची, तव्यावरून थेट माझ्या ताटात. भाताची खरवड, भाकरीचा कडक पापुद्रा, एखादा बटाटेवडा चहाच्या डब्यामागे वाटीखाली झाकून ठेवलेला. "खा लवकर, ते कुलकर्णी वास घेत खाली येतील." ती एका प्रायमरी शाळेत डिनर लेडी होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढून यायची आणि त्यांच्या नकला करून दाखवायची. इंग्लिशही तिला त्या पोरांनीच शिकवलं होतं. आली तेव्हा तिला एक शब्द येत नव्हता, आणि पाच वर्षांची पोरं आपण चुकलो की बेधडक हसायची, म्हणून शिकलो, असं ती सांगायची. बोलायची तुटक, पण समजायचं तिला सगळं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शाळेत मात्र माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. वर्गात माझ्याच रंगाच्या मुली पुष्कळ होत्या, आणि मला आधी वाटलं, झालं, प्रश्न मिटला. पण त्या इथेच जन्मलेल्या. तेल लावलेली वेणी आणि उच्चारांची धांदल बघून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात "फ्रेशी" करून टाकलं, म्हणजे नुकती बोटीतून उतरलेली. गोऱ्या मुली निदान दुर्लक्ष करायच्या. डब्यातली भाजी-पोळी मी लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर भिंतीकडे तोंड करून खायची. कधी कधी सकाळी "येस मिस" म्हटलं की दुपारी घंटा होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द निघायचा नाही. जिभेला बुरशी आल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर काकू विचारायची, "काय गं, मैत्रिणी काय म्हणतात?" मी म्हणायची, "मजेत आहेत." ती माझ्याकडे थोडा वेळ बघायची आणि मेथीची जुडी माझ्या पुढ्यात टाकायची.

इंग्लिश कच्चं असलेल्या मुलांसाठी शाळेत एक अरुंद खोली होती आणि तिथे मिस पार्सन्स होत्या. उंच, बारीक, गुडघ्यापर्यंत ओढलेले लोकरीचे मोजे, आणि ऐकताना मान एका बाजूला कललेली. त्या व्याकरण फार शिकवायच्या नाहीत, बोलायला लावायच्या. "घरी कसं असतं ते मला सांग," असं त्यांनी एक दिवस विचारलं. माझ्याजवळ तेव्हा मूठभर शब्द. मी म्हटलं, "आय स्लीप ऑन द फ्लोअर." त्यांची मान सरळ झाली. "अँड डिनर?" मी म्हटलं, "फर्स्ट ऑल मेन ईट. देन आय ईट. आय वॉश ऑल प्लेट्स." मला पुढे सांगायचं होतं की काकूही खालीच झोपते, काकूही तेव्हाच जेवते, गरम पोळी मलाच मिळते. पण "शेजारी", "तव्यावरून", "पाठ दुखते" हे सगळं इंग्लिशमध्ये कुठून आणायचं? मी शब्द शोधत राहिले, आणि तेवढ्यात मिस पार्सन्सनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. या देशात आल्यापासून घराबाहेर मला कुणी पहिल्यांदाच हात लावला होता. मी शब्द शोधायचं थांबवलं.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, शब्द नाहीत, माणूस नाही. पण पुढच्या वर्षी माझ्याजवळ शब्द होते, त्याच्या पुढच्या वर्षी तर भरपूर होते, आणि मिस पार्सन्सचा हात अजून हवा होता. आता त्या मला स्वतःची पुस्तकं द्यायच्या, दुपारी त्यांच्या खोलीत बसून डबा खाऊ द्यायच्या. त्यांनी हलक्या आवाजात "घरी कसं चाललंय?" असं विचारलं की मी खांदे उडवायची आणि म्हणायची, "सेम." एवढं पुरायचं. त्या घरी कोणाला तरी पाठवू का म्हणाल्या, तेव्हा मी घाबरून नको म्हटलं, आणि माझं ते घाबरणंही त्यांनी वेगळंच वाचलं.

आणि माझं इंग्लिश सुधारलं कशाने, तर संध्याकाळच्या टेबलाने. काकू डॉक्टरांना सरळ उठवायची. "चला, टेबल सोडा. वैजूचा अभ्यास आहे. तुम्ही झालात एकदाचे डॉक्टर, ती अजून काहीच झालेली नाही." मग मी मोठ्याने वाचायचं आणि तिने समोर बसून भाजी निवडायची. अडखळले की हातातली काडी माझ्या दिशेने यायची. "परत." त्या वाक्याचा अर्थ तिला कधी लागायचा, कधी नाही, पण अडखळलेलं तिला बरोबर कळायचं. कुलकर्णी एकदा दारातून म्हणाले, "काकू, शेक्सपियर समजतो का?" ती म्हणाली, "तुमचं हस्ताक्षर समजतं, मग त्याचं काय अवघड आहे?"

शिष्यवृत्तीची गोष्ट मिस पार्सन्सनीच काढली. साउथहॅम्प्टनच्या पलीकडे, समुद्रापासून जवळ, एक राहण्याची सोय असलेलं कॉलेज होतं. सोळा वर्षांनंतरची दोन वर्षं तिथे काढायची, मग युनिव्हर्सिटी. एक न्यास दरवर्षी काही मुलांचा सगळा भार उचलायचा. हुशार, पण घरी अभ्यासाला जागा आणि आधार नाही अशा मुलांचा. शिफारस मिस पार्सन्सनी केली. मुलाखतीच्या दिवशी सकाळी काकूने माझ्या तळहातावर दही-साखर घातली, कपाळाला बोट टेकवलं आणि म्हणाली, "घाईत बोलू नकोस. एक वाक्य संपल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही."

लांब टेबलामागे तिघंजण होते. अभ्यासाचे प्रश्न मला छान आले. शेवटी मधल्या बाईंनी चष्मा काढला आणि फार मायेने विचारलं, "घरात तुझ्या अभ्यासात लक्ष घालणारं, तुला मदत करणारं कुणी आहे का?"

मला ते इंग्लिश पूर्ण समजलं होतं. उत्तरही पूर्ण, व्याकरणशुद्ध येत होतं. "हो, माझी काकू," एवढंच म्हणायचं होतं. पण मला हेही समजलं होतं की हो म्हटलं तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल, आणि मी परत त्या जिन्यावर, त्या सिंकपाशी. मी म्हटलं, "नो." बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

मी आता स्वतः नॉटिंगहॅमला शिकवते, आणि अशा मुलाखती घ्यायला मलाही बसवतात. मुलं सांगतात, मी ऐकते. मधूनच विचारते, जेवायला कुणाबरोबर बसतोस? पॅनेलवरचे बाकीचे घड्याळाकडे बघतात. परवा माझा मुलगा जुने फोटो चाळत म्हणाला, "आई, ही काकूआजी तुझा कोण होता?" मराठी त्याचं असं आहे. मी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे." तो म्हणाला, "तू नेहमी तेच म्हणते." ते खरं आहे. काकू गेली तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत मी बोलले होते, तिने मला पोटच्या मुलीसारखं वाढवलं वगैरे. लोकांनी डोळे पुसले. तेव्हाही मी हे सांगितलं नाही.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं तेव्हा काकूने शाळेच्या किचनमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. खव्याचे नाहीत, मिल्क पावडरचे, पण पेढेच. सन्मानाचा कार्यक्रम शहरात एका मोठ्या हॉलमध्ये होता. काकांची ड्यूटी होती. काकूने जांभळी इरकल नेसली, वर बटणं लावलेला हिवाळी कोट आणि पायांत शाळेचे काळे बूट. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये ती ताठ बसली होती, आणि समोरच्या अनोळखी बाईला तिने सांगून टाकलं, "माय गर्ल. स्कॉलरशिप." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मिस पार्सन्स तापाने आजारी होत्या, येणार नव्हत्या, याचं मला केवढं हायसं वाटत होतं. त्या दोघींना एका ठिकाणी बघायची माझी हिंमत नव्हती. बाकी काही होईल हे डोक्यातच आलं नाही.

आम्हा मुलांना स्टेजवर बसवलं होतं. मुलाखतीतल्या त्या मधल्या बाई माइकसमोर एकेकाची माहिती सांगत होत्या. माझं नाव त्यांनी बऱ्यापैकी बरोबर उच्चारलं. मग म्हणाल्या, ही मुलगी तीन वर्षं जमिनीवर झोपली. घरातले पुरुष जेवून उठेपर्यंत हिला ताट मिळत नसे. त्यांची भांडी घासून मग ही पुस्तक उघडायची, आणि त्या घरात हिच्या शिक्षणाची पर्वा करणारं एकही माणूस नव्हतं. हॉलमध्ये "ओह" असा एक मऊ आवाज पसरला. काकू तिसऱ्या रांगेत होती. माझं नाव पुकारल्यापासून ती टाळ्या वाजवत होती, इतरांच्या आधीपासून. तिचे हात मध्येच थांबले. एकमेकांपासून थोड्या अंतरावर तसेच राहिले. मग लोकांनी टाळ्या सुरू केल्या तेव्हा तिनेही पुन्हा सुरू केल्या, लोकांच्या लयीत.

परतीच्या ट्रेनमध्ये वेम्ब्ली स्टेशन गेलं. मग समोर बघतच काकू म्हणाली, "मी तुला उपाशी ठेवत होते का गं?"

"काकू, त्यांना नीट कळलं नाही..."

"त्या बाईचं इंग्लिश चांगलं होतं. मला कळलं, तर तिला कळलं असणारच." थोड्या वेळाने म्हणाली, "यांना सांगू नकोस. भावाची पोर म्हणून जीव टाकतात तुझ्यावर. स्कॉलरशिप मिळाली ना? मग झालं तर."

मी रडायला हवं होतं. ओरडून माफी मागायला हवी होती. मी हातातली प्रमाणपत्राची सुरळी घट्ट गुंडाळत राहिले.

त्या संध्याकाळपासून तिने माझं ताट पहिलं वाढायला सुरुवात केली. टेबलावर, एकटीचं. चमचा, पेल्यात पाणी, घडी केलेला कागदी रुमाल. "बस तू आधी." काका म्हणाले, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "तिला आता तिकडच्या पद्धतीची सवय व्हायला हवी." ताटं मला घासू दिली नाहीत. मी सिंकपाशी गेले तर "राहू दे, अभ्यास कर" एवढंच, रागाने नाही, पाहुण्यांशी बोलतात तसं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि ती बॉयलरच्या कपाटाला टेकून एकटी जेवायची. नक्कल नाही, भवाने नाही. कॉलेज सुरू होईपर्यंतचा सगळा उन्हाळा असा गेला. मी त्या घरात इतकी एकटी आधी कधीच नव्हते, आणि ते एकटेपण मी स्वतःच्या तोंडाने मागून घेतलं होतं.

सोडायला मात्र तीच आली. काका येतो म्हणत होते, तिने त्यांना झोपायला लावलं. साउथहॅम्प्टनच्या गाडीत तिने डबा उघडून मला दशम्या दिल्या आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "तिथे मला बघून त्यांना काही वाटणार नाही ना? म्हणजे, हीच ती बाई, असं? चौकशी काढून स्कॉलरशिप परत घेतली बिघेतली तर?"

"कोण विचारतंय," मी म्हटलं.

"विचारतात गं. ही माणसं हसत हसत सगळं विचारतात."

कॉलेजच्या वसतिगृहाच्या दारात एक गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याच्या बाई यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली, माझी जड बॅग काकूच्या हातातून घ्यायला पुढे झाल्या आणि हसून म्हणाल्या, "आणि तुम्ही? फॅमिली?"

काकूने बॅग खाली ठेवली, कोटाचं वरचं बटण लावलं.

"नो, नो," ती म्हणाली. "नेबर. ओन्ली नेबर."

बाई म्हणाल्या, एवढ्या लांब सोडायला आलात, किती चांगल्या आहात तुम्ही, आणि माझ्याकडे वळून, "आर्न्ट यू लकी?"

काकू माझ्याकडे बघत नव्हती. तिने माझ्यापुरती वाट मोकळी करून ठेवली होती, आणि तरीही क्षणभर मला वाटलं की ती थांबली आहे, मी काय म्हणते ते ऐकायला.

"येस," मी म्हटलं. "आय ॲम."

बाईंनी तिला चहा विचारला. तिने गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. गाडीला पुष्कळ वेळ होता, मला माहीत होतं. शेजारीण जशी निरोप घेईल तसा तिने माझ्या दंडावर हात ठेवला, "बी गुड," म्हणाली, आणि काळ्या बुटांचा आवाज करत खडीच्या वाटेने फाटकाकडे चालू लागली. मी बॅग उचलली आणि बाईंच्या मागोमाग आत गेले.